बँकॉकची खरेदी आणि मनात राहिलेला सल

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून आलेल्या पत्राचा हा गोषवारा आहे. लिहिणाऱ्या भगिनीचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

या भगिनी पंचावन्न वर्षांच्या आहेत. यजमान, नणंद आणि नणंदेचे यजमान यांच्यासोबत त्यांनी बँकॉक-पट्टायाची सहा दिवसांची सहल केली. निघण्यापूर्वी त्यांनी नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातले सहकारी अशा बावीस जणांच्या भेटवस्तूंची यादी केली होती आणि ती पुरी करण्यात सहलीतला बराचसा वेळ गेला. 'फ्री साइझ' म्हणून घेतलेले कपडे घरी कोणालाच झाले नाहीत. एका दुकानात सांगितलेल्या किमतीच्या एक तृतीयांश भाव मागताच दुकानदार बाईंनी हातातला कॅल्क्युलेटर काढून घेतला आणि पाठ फिरवली. चतुचक बाजारात सकाळी सकाळी त्यांनी ३५० बाटला (बाट हे थायलंडचे चलन) एक पर्स घेतली, तेव्हा विक्रेतीने त्यांनी दिलेल्या नोटा हसत हसत टांगलेल्या सगळ्या पर्सवर आपटल्या. ही आपली चेष्टाच आहे, असे त्यांना वाटले. दोन गल्ल्या पुढे नणंदेने तशाच तीन पर्स प्रत्येकी २२० बाटला घेतल्या, आणि हा किस्सा आता घरातल्या प्रत्येक कार्यात सांगितला जातो. शेवटच्या दिवशी पुरुष मंडळी हॉटेलवर विश्रांती घेत असताना या दोघी राजवाडा पाहायला गेल्या. राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे असे एका सभ्य गृहस्थाने सांगितले, मग एका टुकटुकवाल्याने, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याने, त्यांना एका रत्नांच्या दुकानात नेले. तिथे या भगिनींनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर १८,५०० बाट देऊन निळ्या खड्याची अंगठी घेतली. गावातला सोनार म्हणतो की खडा खरा आहे, पण किंमत चौथाईसुद्धा नाही. यजमानांना त्यांनी ६,००० बाट एवढीच रक्कम सांगितली आहे. येत्या दिवाळीत मुलगा आणि सून त्यांना व्हिएतनामला नेऊ इच्छितात. त्या विचारतात: मला व्यवहार कळतच नाही का? तिथली माणसेच लबाड आहेत का? पुढच्या सहलीत मी काहीच खरेदी करू नये, की सहलीलाच जाऊ नये? आणि अंगठीचे यजमानांना सांगावे का?

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात लक्षात राहते ती अंगठी. दुसऱ्या वाचनात असे दिसले की कपडे, कॅल्क्युलेटर, पर्स, यादी आणि अंगठी या साऱ्यांची तुम्ही एकच मोट बांधली आहे आणि तिच्यावर 'मला व्यवहार कळत नाही' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. मला ही मोट सोडवावीशी वाटते, कारण तिच्यातल्या फक्त एका प्रसंगात तुमची फसवणूक झाली आहे. बाकीच्या प्रसंगांत तशी ती झालेलीच नाही, आणि एका प्रसंगात तर जे घडले ते तुम्ही समजता त्याच्या अगदी उलट होते.

त्या उलट्या प्रसंगापासूनच सुरुवात करते. विक्रेतीने तुमच्या नोटा पर्सवर आपटल्या आणि ती हसली, तिला चांगले गिऱ्हाईक सापडले म्हणून ती खिजवत होती, असे तुम्ही लिहिता. ताई, ती तिची बोहनी होती. दिवसाचा पहिला सौदा झाला की मिळालेल्या नोटा दुकानातल्या उरलेल्या मालावरून फिरवायच्या किंवा हलकेच आपटायच्या, म्हणजे बाकीचा मालही तसाच खपेल, अशी थायलंडमधल्या बाजारांत सर्रास प्रथा आहे. आपल्याकडचा भाजीवाला पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावतो, त्यामागची भावनाच इथेही आहे. तुम्ही सकाळी सकाळी गेलात, बहुधा तिच्या पहिल्या गिऱ्हाईक ठरलात, आणि ती मनापासून आनंदली. इतके महिने जो प्रसंग तुम्ही अपमान म्हणून जपून ठेवला आहे, त्यात त्या बाईंच्या लेखी तुमचा पायगुण चांगला ठरला होता. हे एवढ्या तपशिलाने लिहिते, कारण परक्या शहरात आपल्याला भाषा येत नसते आणि मग समोरच्याच्या हातवाऱ्यांचा आणि हसण्याचा अर्थ आपण आपल्या मनातल्या धास्तीवरून लावतो. आपण लुबाडले जाणार ही धास्ती आधीपासूनच मनात असली की प्रत्येक हसू कुत्सित वाटू लागते.

आता पर्सच्या किमतीतला फरक पाहू. तुमच्या नणंदेने एकाच दुकानातून तीन पर्स घेतल्या हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे, आणि फरकाचा मोठा भाग बहुधा त्यातच आहे. बँकॉकच्या कपड्यांच्या आणि पर्सच्या बाजारांचा पाया घाऊक व्यापाराचा आहे. प्रतूनाम भागातल्या प्लॅटिनम फॅशन मॉलमध्ये तर अनेक दुकानांवर दोन भाव उघड लिहिलेले असतात, एक नग घेतला तर एक आणि तीन किंवा अधिक घेतले तर त्याहून कमी. चतुचकमध्ये हजारो गाळे आहेत, ते सत्तावीस विभागांत वाटलेले आहेत, आणि एकाच घाऊक विक्रेत्याकडून आणलेला माल दहा ठिकाणी दहा भावांनी मिळतो. तेव्हा दोन गल्ल्या पुढे तीच वस्तू स्वस्त मिळणे हे तिथे अपवादाने घडत नाही, ती त्या बाजाराची रीतच आहे. प्रत्येक वस्तूची कुठेतरी एक 'खरी' किंमत असते आणि त्याहून एक बाट जास्त दिला की आपण फसलो, हे तुमचे गृहीतक तपासून पाहावे असे मला वाटते. पर्स पाहिली तेव्हा ती तुम्हाला आवडली, ३५० बाट तुम्हाला परवडणारे वाटले, आणि विक्रेतीने तुम्हाला काहीही खोटे सांगितले नाही. हा सौदा चोख होता. नणंदेचा सौदा अधिक स्वस्त होता, एवढेच. फरक आहे १३० बाटचा, म्हणजे साधारण साडेतीनशे रुपयांचा. घरातल्या कार्यात तो किस्सा पुन्हा निघाला तर 'तुम्ही तीन घेतल्यात, मी एक घेतली' एवढे शांतपणे म्हणायला हरकत नाही. पण खरे सांगायचे तर तो किस्सा पर्सविषयी नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. नणंद-भावजयीमधली ही चढाओढ बँकॉकच्या आधीपासूनची दिसते, आणि तिचे ओझे त्या बिचाऱ्या पर्सवर टाकण्यात अर्थ नाही.

कॅल्क्युलेटर काढून घेणाऱ्या बाईंविषयी मात्र मी थोडे तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या बाजारात सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शापासून घासाघीस सुरू करता येते, कारण तिथे विक्रेत्यानेही तेवढी जागा ठेवूनच भाव सांगितलेला असतो. बँकॉकच्या बऱ्याच छोट्या दुकानांत भाव एवढा फुगवलेला नसतो. नफा थोडा असतो, आणि दहा ते वीस टक्के कमी करून घेणे, किंवा दोन-तीन नग एकदम घेऊन आणखी थोडे उतरवणे, एवढीच मोकळीक असते. तिथे तिसरा हिस्सा मागणे म्हणजे 'तुम्ही तिप्पट लुबाडता आहात' असे तोंडावर म्हणण्यासारखे होते. त्यात आपला आवाज चढलेला असेल, आपण वस्तू हातात घेऊन तिच्यातल्या खोड्या मोठ्याने मोजत असू, तर समोरची व्यक्ती भांडणार नाही, ती हसणे थांबवून बाजूला होईल. थायलंडमध्ये चारचौघांत आवाज चढवणे हे फार कमीपणाचे मानले जाते. त्या बाईंनी जे केले ते मला उद्धट वाटत नाही, त्यांनी बोलणे संपवले होते. असा प्रसंग पुन्हा आला तर हसून कॅल्क्युलेटरवर पंधरा-वीस टक्के कमी आकडा टाकावा, नकार आला तर मान हलवून पुढे निघावे. खरोखर परवडत असेल तर मागून हाक येते. हाक आली नाही तर भाव तेवढाच होता हे कळते, आणि परत जाऊन त्या भावाला वस्तू घेण्यात काहीही कमीपणा नाही. सियाम भागातल्या मोठ्या मॉलमध्ये मात्र भाव ठरलेले असतात, तिथे घासाघीस करूच नये.

कपड्यांचे दुखणे सगळ्यांत साधे आहे. 'फ्री साइझ' हे माप तिथल्या चणीच्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असते, पुष्कळ गाळ्यांत घालून पाहायची सोय नसते, आणि विकलेला माल परत घेतला जात नाही. घरच्या माणसांची छाती, कंबर आणि उंची सेंटीमीटरमध्ये लिहून न्यावी, पर्समध्ये मोजपट्टी ठेवावी. एवढ्याने निम्मा त्रास वाचतो. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असलेली ती हत्तींच्या चित्रांची ढगळ पॅन्ट घ्यायला हरकत नाही. शिवलेला, अंगाबरोबर बसणारा कपडा दुसऱ्यासाठी परदेशातून आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता अंगठीकडे वळू. इथे मात्र तुमची फसवणूक झाली आहे, आणि ती कशी झाली हे नीट समजले तर स्वतःला दूषणे देणे थांबेल अशी मला आशा आहे.

तुमच्या बाबतीत जे घडले तो बँकॉकमधला कित्येक दशकांपासून चालत आलेला प्रकार आहे. तो इतका जुना आहे की अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशा सूचनांचे फलक त्या परिसरात लावलेले असतात. त्याची मांडणी ठरलेली आहे. राजवाड्याच्या भिंतीजवळ नीटनेटक्या कपड्यांतला, चांगले इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो आणि राजवाडा आज दुपारपर्यंत बंद असल्याचे सांगतो. तोवर अमुक एक बुद्धमूर्ती पाहून या, असे तो सुचवतो, आणि आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे, असेही जाता जाता बोलतो. जवळच उभा असलेला टुकटुकवाला अगदी वीस-तीस बाटमध्ये न्यायला तयार होतो. त्या छोट्या देवळात दुसरा एक माणूस सहज गप्पा मारायला येतो आणि, पहिल्याशी काही संबंध नसल्यासारखा, त्याच विक्रीची गोष्ट सांगतो. तुम्ही पत्रात लिहिले आहे की देवळातल्या त्या गृहस्थानेही तेच सांगितल्यावर तुमची खात्री पटली. ताई, कोणताही शहाणा माणूस असेच करतो. एकाचे ऐकून विश्वास बसला नाही की आपण दुसऱ्याकडे खातरजमा करतो. इथे तो दुसरा माणूसच आधीपासून पेरलेला असतो. तुमची विचार करण्याची पद्धत चुकलेली नव्हती, ती कशी चालते हे ठाऊक असलेल्या लोकांनी तिचाच वापर केला. टुकटुकवाल्याला दुकानाकडून दलाली किंवा इंधनाची कुपने मिळतात, म्हणून त्याला वीस बाटचे भाडे परवडते.

खरी माहिती अशी आहे की थायलंडचे सरकार असा कोणताही रत्नांचा सेल भरवत नाही. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन या वेळात प्रवेशासाठी खुला असतो, आणि राजघराण्याच्या एखाद्या समारंभामुळे तो बंद असला तरी ते तिकीट खिडकीवरच्या कर्मचाऱ्याकडून समजून घ्यायचे असते, रस्त्यावरच्या माणसाकडून नव्हे.

खडा खरा निघाला याचे तुम्हाला आश्चर्य वाटते, पण या फसवणुकीची खुबीच त्यात आहे. थायलंड हे माणिक-नीलमांच्या व्यापाराचे फार मोठे केंद्र आहे, आणि बँकॉकच्या आग्नेयेला असलेले चंथबुरी हे गाव खडे तापवून त्यांचा रंग खुलवण्याच्या कामासाठी जगभर ओळखले जाते. तापवलेला नीलम खोटा नसतो. पण हलक्या प्रतीचे, ढगाळ किंवा फार काळपट नीलम अगदी थोड्या पैशांत मिळतात, आणि अशाच खड्याला उंची मालाचा भाव लावला जातो. सोबतच्या प्रमाणपत्रावर 'नैसर्गिक नीलम' एवढेच लिहिलेले असते, आणि ते खरेच असते. खोटी असते ती किंमत, आणि खोटी असते ती भोवतालची कथा. त्यामुळे तक्रार करायला गेले की दुकानदार म्हणतो, आम्ही नीलम सांगितला, नीलमच दिला.

एक गोष्ट तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे, तिच्याविषयी बोलणे मला टाळता येणार नाही. मुंबईत हा खडा दुप्पट किमतीला जाईल असे विक्रेत्याने सांगितले आणि सहलीचा थोडा खर्च निघेल असे तुमच्या मनात आले. या विचारात लाजण्यासारखे काही नाही, संसार काटकसरीने केलेल्या माणसाच्या मनात तो येणारच. पण पुढच्या वेळेसाठी हे लक्षात ठेवा की जो विक्रेता 'ही वस्तू तुमच्या देशात दुप्पट भावाने विकेल' असे सांगतो, त्याला तसे खरोखर वाटत असते तर त्याने ती स्वतःच तिथे नेऊन विकली असती. पुन्हा विकण्यासाठी म्हणून परदेशात रत्न घेणे हे त्या व्यवसायात मुरलेल्यांचे काम आहे. सोन्याच्या दागिन्यांविषयीही इथेच सांगून ठेवते, कारण अनेक वाचक विचारतात. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयांना दागिन्यांवर जी सीमाशुल्काची सवलत मिळते, ती आठवडाभराच्या सहलीवरून परतणाऱ्यांना मिळत नाही.

आता काय करता येईल ते पाहू. सोनाराने नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेले मत अंतिम समजू नका. मुंबईत रत्नपरीक्षणाच्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत, तिथून खड्याचे वजन, प्रक्रिया आणि जात यांचा लेखी अहवाल घ्या. या अहवालात किंमत लिहिलेली नसते, पण त्याच्या आधारे दोन-तीन जाणकार जवाहिऱ्यांकडून किमतीचा लेखी अंदाज घेता येतो. बिल, कार्डाची पावती आणि ते प्रमाणपत्र एकत्र ठेवा. कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत नोंदवता येते, मात्र त्यासाठी मुदत असते आणि वस्तू प्रत्यक्ष हातात मिळालेली असल्याने तुमची बाजू दुबळी आहे, हे आधीच सांगते. थायलंड पर्यटन प्राधिकरणाचे एक कार्यालय मुंबईत आहे, तिथे सगळ्या कागदांच्या प्रती जोडून तक्रार द्या. पैसे परत येतील अशी आशा फार ठेवू नका, पण दुकानाचे नाव नोंदले जाणे महत्त्वाचे आहे. हे सगळे तिथे असतानाच केले असते तर शक्यता अधिक होती. इतर वाचकांनी थायलंडमधला पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावा. या क्रमांकावर इंग्रजीतून बोलता येते, आणि पर्यटक अजून शहरात आहे, पोलिसांसोबत दुकानात परत जाऊ शकतो, ही गोष्ट दुकानदाराला नमवायला पुष्कळदा पुरेशी ठरते.

टुकटुकवाल्याशिवायही असे प्रसंग ओढवतात. स्वस्त सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत रत्नांच्या, चामड्याच्या किंवा मधाच्या दुकानाला 'भेट' लिहिलेली असते, बस तिथे तास-दीड तास थांबते, आणि सहलीचा दर कमी ठेवण्यासाठी जो पैसा लागतो त्यातला काही तिथल्या दलालीतून येतो. चिनी पर्यटकांच्या अशाच सहलींविरुद्ध थायलंडच्या सरकारने २०१६ साली मोठी कारवाई केली होती. सहल ठरवतानाच अशी किती दुकाने आहेत ते विचारून घ्यावे, आणि तिथे गेल्यावर काही न घेता थंड हवेत बसून राहण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे हे जाणावे. यावरून 'तिथली माणसेच लबाड' हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. पर्यटकांचा ओघ जिथे आहे तिथे त्यांच्यावर जगणारी दलालांची साखळी असते, ती आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतही आहे. तुम्हाला खोटे सांगणारी तीन-चार माणसे होती. बाकी साऱ्या सहलीत किती विक्रेत्यांनी तुम्हाला उरलेले सुटे पैसे मोजून परत दिले, ते एकदा आठवून पाहा.

यजमानांना सांगावे का, असे तुम्ही विचारता. सांगावे, आणि लवकर सांगावे. कार्डाचे विवरणपत्र कधी ना कधी त्यांच्या हाती पडेल, बँकेशी पत्रव्यवहार घरातूनच करावा लागेल, आणि मुख्य म्हणजे १२,५०० बाट लपवण्याचे ओझे तुम्ही रोज वाहता आहात. पत्राच्या चार पानांत अंगठीच्या किमतीपेक्षा या लपवण्याविषयीच अधिक लिहिलेले आहे. नणंद घरात नसताना, निवांत वेळी, प्रयोगशाळेचा अहवाल हातात घेऊन बसा आणि पहिल्याच वाक्यात पूर्ण रक्कम सांगा. टप्प्याटप्प्याने सांगू नका, कारण प्रत्येक टप्प्यावर नवी नाराजी उभी राहते. ते रागावतील. थोडे रागावण्याचा त्यांना अधिकारही आहे, पण तो राग पैशांपेक्षा लपवण्याबद्दल असेल. त्यावर 'माझे चुकले, मला तुमच्या बोलण्याची भीती वाटली' हे खरे उत्तर तुमच्याजवळ आहे. मग कदाचित दोघांनी मिळून याचाही विचार करता येईल की जवळपास पन्नास हजार रुपयांच्या या व्यवहारापेक्षा घरातल्या बोलण्याची भीती अधिक का वाटावी.

शेवटी त्या यादीविषयी. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तुम्हाला स्वतःला तिथे काय आवडले, काय घ्यावेसे वाटले, याविषयी एक ओळही नाही. बावीस नावे मात्र आहेत, आणि कोणाला किती रुपयांपर्यंतचे द्यायचे याचा हिशेबही आहे. परदेशी गेल्यावर सर्वांसाठी काहीतरी आणलेच पाहिजे, ही आपल्याकडची जुनी आणि प्रेमळ रीत आहे, ती मोडा असे मी म्हणणार नाही. पण ती रीत पडली तेव्हा परदेशी जाणे आयुष्यातून एकदा घडत होते आणि तिथली वस्तू इथे मिळत नव्हती. आज पर्स आणि टी-शर्ट सगळीकडे मिळतात. यादीतल्या प्रत्येकासाठी निरनिराळी वस्तू शोधण्यातच तुमच्या सहलीचे दिवस गेले, आणि घाईत, थकव्यात, यादी अपुरी राहिल्याच्या टोचणीत माणूस अधिक सहज फसतो.

जिथे छापील किंमत असते अशा सुपरमार्केटमध्ये बावीस जणांची खरेदी तासाभरात होते. वाळवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, निरनिराळे बाम, आणि थायलंडमध्ये लहानथोर सारेच खिशात बाळगतात ती नाकाशी धरून हुंगायची कापूर-पुदिन्याची छोटी नळी, या वस्तू हलक्या, स्वस्त आणि खास तिथल्या आहेत. कार्यालयासाठी खाऊचा एकच मोठा डबा पुरतो. खाऊ घेताना मात्र जपावे, कारण तिथल्या खारट पदार्थांत सुकट किंवा माशांचा अर्क असण्याची शक्यता बरीच असते. पिवळ्या रंगावरचे लाल अक्षरातले शाकाहाराचे चिन्ह पाहून घेतले तर शाकाहारी नातेवाइकांना निर्धास्तपणे देता येते. गावोगावच्या कारागिरांच्या वस्तू हव्या असतील तर 'ओटॉप' असे लिहिलेली दुकाने पाहावीत. थाय रेशीम घ्यायचे असेल तर सरकारी मोराचे चिन्ह तपासावे, सोनेरी, रुपेरी, निळ्या आणि हिरव्या अशा चार रंगांचे मोर चार प्रती दाखवतात. आपल्याकडच्या अनेक बौद्ध कुटुंबांना तिथून श्रद्धेने बुद्धमूर्ती आणाविशी वाटते. त्यांनी दुकानातच विचारून घ्यावे, कारण मूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो आणि तो मिळायला काही दिवस जातात, म्हणून ही खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगते. कार्डाच्या यंत्रावर रुपये की बाट असे विचारले तर बाटच निवडावे, कारण रुपयांत बदलून देणारा दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि तो महाग पडतो. एखाद्या दुकानात एका दिवशी २,००० बाट किंवा अधिकची खरेदी झाली आणि तिथे पर्यटकांना कर परत देण्याचा फलक असेल, तर पासपोर्ट दाखवून त्याच दिवशी तो फॉर्म भरून घ्यावा. मूल्यवर्धित कर तिथे सात टक्के आहे, त्यातले काही शुल्क वजा होऊन बाकी पैसे विमानतळावर परत मिळतात. माल तपासायला मागितला जाऊ शकतो, म्हणून सामान विमानात देण्याआधी सीमाशुल्काच्या खिडकीवर जावे.

व्हिएतनामला जरूर जा. काहीच खरेदी करायची नाही असा पण करू नका, तो तिसऱ्या दिवशी मोडतो आणि मग घाईने काहीतरी घेतले जाते. निघण्यापूर्वी सुनेशी बोलून खरेदीसाठी एकच अर्धा दिवस ठरवा, बावीस जणांसाठी कॉफीची पाकिटे किंवा काजू असे एकच काहीतरी घ्या, आणि स्वतःसाठी एक रक्कम बाजूला काढा जिचा हिशेब नणंदेला द्यायचा नाही. हो ची मिन्ह शहरातल्या बेन थान बाजारात पर्यटकांना सांगितलेला भाव चांगलाच चढा असतो, तिथे तुमचा घासाघिशीचा हात मोकळा सोडायला हरकत नाही, फक्त हसतमुखाने. तिथल्या चलनात शून्ये फार आहेत. २० हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच, पहिली साधारण सत्तर रुपयांची आणि दुसरी दीड हजाराहून अधिक किमतीची. संध्याकाळच्या अंधुक उजेडात या दोन्ही हमखास एकमेकींच्या जागी दिल्या जातात, म्हणून पाच लाखांच्या नोटा पहिल्या दिवसापासूनच पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.